राखणदार, गुन्हेगार आणि खान्देश : गुन्हेप्रतिबंधाची दोनशे वर्षे

कन्नडच्या घाटाला चाळीसगावकडची माणसे आजही औट्रम घाट म्हणतात. ज्या जेम्स औट्रमवरून हे नाव पडले, त्या तरुण लेफ्टनंटने १८२५ मध्ये खान्देशात भिल्लांची पलटण उभारायला घेतली आणि धरणगावला तिचे ठाणे केले. ज्या घाटांत भिल्ल नाईक, म्हणजे भिल्लांचे म्होरके, वाट अडवतात म्हणून १८१८ पासून फौजा धाडल्या जात होत्या, त्याच मुलखाचा बंदोबस्त पुढे भिल्ल शिपायांच्या हाती आला. गुन्हेगारी रक्तात असते की परिस्थितीत, हा वाद युरोपातले विद्वान पन्नास वर्षांनी घालणार होते. खान्देशाला त्याचे उत्तर आधीच मिळाले होते. दुर्दैव असे की सरकार ते लवकरच विसरले आणि त्याची किंमत भटक्यांनी मोजली.

इंग्रजी अंमलाआधी गावाची राखण जागल्याकडे असे आणि खान्देशातल्या अनेक गावांत जागल्या भिल्ल असे. त्याला पगार नव्हता. सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे, काही ठिकाणी इनाम जमीन असे. चोरी झाली की माग काढायचा, म्हणजे पावलाचे ठसे धरून शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावच्या हद्दीत शिरला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या गावात माग हरवेल, त्या गावावर भरपाईचा बोजा पडे. या रीतीत बेरकीपणा होता. आपल्या शिवारात चोराला थारा दिला तर तो आपल्यालाच महाग पडणार, हे प्रत्येक गावाला पक्के ठाऊक असे. डोंगराकडेला नाईक घाटाची राखण करीत आणि जाणाऱ्या तांड्यांकडून हक्काचे पैसे घेत.

पेशवाईच्या अखेरीस ही घडी मोडली. होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ यांनी गावेच्या गावे ओस पडली. जिथे खळेच उठत नाही, तिथे राखणदाराला वाटा कुठून मिळणार? राखण करणारा लुटीकडे वळला तो इथे. त्यावर सरकारी फौजांनी कत्तलीचा उपाय केला, त्यामुळे डोंगरातली माणसे आणखी दूर गेली.

१८१८ नंतर धुळ्याला बसलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने सुरुवातीला दोन्ही मार्ग धरले. टोळ्यांचा पाठलाग करायचा, रसद तोडायची आणि शरण येईल त्या नाईकाला तनखा बांधून द्यायचा. तनख्याने नाईक शांत होई, पण त्याच्या मागच्या माणसांचे पोट तसेच राही. त्यामुळे एक नाईक बसला की दुसरा उठे. १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्सी नेमल्या, जुन्या गुन्ह्यांना माफी दिली, बी-बियाणे, बैल आणि अवजारांसाठी तगाई (सरकारी कर्ज) दिली आणि ज्यांना शेती नको त्यांना पलटणीत घेतले. औट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. हे सारे दयेपोटी झाले असे मानू नये. राज्य चालवायला रस्ते मोकळे हवे होते आणि फौजेपेक्षा तगाई स्वस्त पडत होती. तरी त्यामागचे तत्त्व खरे होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये मांडले की माणूस गुन्हा का करतो हे विचारण्यापेक्षा बहुतेक माणसे तो का करत नाहीत हे विचारावे. माणसे, काम आणि रीत यांच्याशी जडलेले नाते माणसाला आवरते. ज्याच्या दाराशी बैलजोडी आहे, त्याला गमावण्यासारखे काही असते.

ही व्यवस्था किती नाजूक होती ते सेंधव्याच्या घाटात दिसले. आग्रा रोडवरच्या या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. त्याने सरकारची चाकरी बरीच वर्षे केली. पुढे एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, सुटल्यावर पुन्हा चाकरीत घेतले, आणि १८५७ मध्ये तो बंड करून उठला. सरकारी खजिना लुटला गेला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. सरकारी कागदांत तो दरोडेखोर, आपल्याकडे तो क्रांतिवीर. एकच कृत्य कोणाच्या वहीत लिहिले जाते त्यावर त्याचे नाव ठरते.

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये नेमके हेच सिद्धान्ताच्या पातळीवर नेले. विचलन, म्हणजे समाजाने वाकडे ठरवलेले वागणे, कृत्यात नसते. नियम कोण करतो आणि तो कोणावर लावतो, यातून ते घडते. खान्देशात याचा सर्वांत मोठा दाखला १८७८ सालचा. त्या एका वर्षात वन कायदा आणि मुंबईचा अबकारी कायदा असे दोन कायदे आले. सातपुड्यातली मोळी, गुरांची चराई, राब (पालापाचोळा जाळून जमीन भाजणे), आणि घरी महूच्या फुलांची गाळलेली दारू हे आदल्या वर्षापर्यंत रोजचे जगणे होते. आता त्यावर खटला होऊ लागला. परिणाम साखळीने येत. दंड भरायला सावकार, कर्जापायी जमीन गहाण, मग सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणे. धडगाव-अक्कलकुव्यातल्या माणसाला पोलीस दिसताच पळावेसे वाटे. तो काही चोर नव्हता, पण कायद्याच्या हिशोबात रोज काहीतरी मोडल्याशिवाय त्याची चूलच पेटत नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याने यातला काही भाग मागे घेतला, आणि तोही दाव्यांच्या फायली पुढे सरकतील तसा.

याच पट्ट्यात आतून आलेला प्रतिबंधही आहे आणि त्याची नोंद फार कमी घेतली जाते. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज यांच्या आरतीला १९३७-३८ च्या सुमारास हजारो आदिवासी जमत आणि दारू सोडल्याची शपथ घेत. शहाद्याच्या भागात १९७० च्या दशकात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या बायकांनी दारूचे अड्डे फोडले, कारण नवऱ्याची मारहाण आणि सावकाराचे देणे दोन्ही त्याच मडक्यातून निघते हे त्यांना रोज दिसत होते. त्याच काळात तिथले बडे शेतकरी पीक संरक्षणाच्या नावाने राखणदार ठेवत. शेतातले कणीस मोडले म्हणून मजुराला हे राखणदार मारत, तेव्हा गुन्हा नेमका कोणता, हा प्रश्न चळवळीने उघडपणे विचारला.

यापेक्षा क्रूर प्रकरण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाखाही त्यात आला आणि १९२४ मध्ये तो पुन्हा नव्याने बांधला गेला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा जमाती अधिसूचनेने गुन्हेगार ठरवल्या जात आणि त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचे. यादीतल्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मठेप. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या आणि माणसे गिरणीच्या पाळीला पाठवली गेली.

जन्मजात गुन्हेगाराची कल्पना इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ मध्ये मांडली, म्हणजे आपल्याकडचा कायदा तिच्याही पाच वर्षे आधीचा. इथे जातीचा धंदा वंशपरंपरेने चालतो, तसा चोरीचाही चालत असणार, असे साहेबांनी गृहीत धरले. शिकागोच्या शॉ आणि मॅके यांनी १९४२ मध्ये याच्या उलट पुरावा दिला. शहराच्या काही वस्त्यांत एका देशाचे लोक जाऊन दुसऱ्या देशाचे आले, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. दोष माणसांच्या वंशात असता, तर तो त्यांच्याबरोबर नव्या वस्तीत गेला असता. आपल्याकडे मात्र हजेरीच्या वहीने माणसाला रोजगारच मिळू दिला नाही. हजेरीला जावे लागते म्हणून लांबचे काम नाही, आणि यादीत नाव आहे म्हणून गावात काम नाही. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये दुय्यम विचलन म्हणून जे सांगितले ते हेच. आधी शिक्का बसतो, मग शिक्क्याप्रमाणे जगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्ती आली, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे ही सवय वहीतून निघून डोक्यात राहिली.

ती सवय फक्त पोलिसांपुरती राहिली नाही, हे १ जुलै २०१८ ला कळले. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथेच मारले. त्या महिन्यांत मुले पळवण्याच्या खोट्या चित्रफिती मोबाईलवर देशभर फिरत होत्या. त्यातली एक तर कराचीत जनजागृतीसाठी बनवलेली होती, आणि तिचा शेवटचा खुलासा कापून ती पाठवली जात होती.

स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये नैतिक घबराटीचे वर्णन केले, त्याच्या पायऱ्या इथे ओळीने दिसतात. आधी धोक्याची आवई, मग धोक्याला चेहरा, मग तो चेहरा समोर दिसताच कारवाई. चेहरा कोणाचा बसणार हे मात्र मोबाईलने ठरवले नाही. अनोळखी, भगव्या-मळकट कपड्यांतला, पाल ठोकून राहणारा माणूस चोर असतो, ही ओळख दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने पक्की केली होती. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. त्यानंतर भटक्यांनी ओळखपत्रे बाळगावीत अशी सूचना पुढे आली. ती वापरणाऱ्याला दिलासा देईल, पण नोंदीचे ओझे पुन्हा त्याच माणसावर टाकणे म्हणजे जुन्या हजेरीच्या वहीकडे वळणे आहे. बाजाराच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांच्यापैकी एकाने तरी चावडीवर उभे राहून आवई खोडून काढायची, आणि संशयिताला बंद खोलीत न नेता उघड्यावर बसवून ११२ ला फोन करायचा, ही जबाबदारी गावाची आहे. बंद खोलीत जमावाला आवरणारा कोणी उरत नाही.

दुसऱ्या टोकाला असे गुन्हे आहेत, ज्यांना शिक्का बसतच नाही. गिरणा नदीच्या पात्रातून रात्री वाळू उपसली जाते. ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट बसते. पकडला जातो तो रोजंदारीचा ट्रॅक्टरचालक. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत असला, तरी मागचा मालक समोर येत नाही, आणि काठच्या विहिरी खोल जातात त्याचा हिशोब कोणीच धरत नाही. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशी गुन्हेगारी ही संज्ञा वापरली ती अशाच माणसांसाठी. जळगाव नगरपालिकेच्या घरबांधणीतल्या गैरव्यवहाराच्या, म्हणजे घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवले, पण व्यवहार नव्वदच्या दशकातला होता. चोरट्या पारध्याला ज्या दिवशी पकडतात त्याच दिवशी गाव त्याला चोर म्हणते, इथे दोन दशके लागली.

गावपातळीवरच्या प्रतिबंधाचा धागा असा. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने वतनदार पाटलाकडे पोलिसी काम ठेवले. साठच्या दशकापर्यंत पाटीलकी आणि कनिष्ठ वतने गेली आणि त्याबरोबर जागल्याही गेला. १९६७ च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आला. तो मानधनावर, एकटा, हाताखाली माग काढणारे कोणी नाही. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, भावकीचे तंटे तिने गावातच मिटवले, हा तिचा मोठा फायदा. पण जिथे बक्षिसावर नजर गेली, तिथे दुबळ्या बाजूला गप्प बसवून तडजोड लिहून घेण्याचा धोका राहतो. हद्दपारीचा उपाय तर खान्देशात निम्माच लागू पडतो. एका जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी घालवलेला माणूस सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर किंवा बडवानीत मुक्काम करतो, आणि रात्रीत येऊन जाऊ शकतो.

आज शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळणारी चोरी म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची केबल. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये सांगितले की चोरीला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. चोरायची इच्छा असलेला माणूस, हाती लागण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. केबलला हे तंतोतंत लागू पडते. शेतीच्या फीडरला वीज पाळीने येते, आणि ते वेळापत्रक चोरालाही माहीत असते. वीज बंद असताना तार कापायला भीती नाही, आणि त्याच वेळी शेतकरी घरी झोपलेला असतो. तार शिवारातच जाळून आवरण काढले की तांबे उरते, ते भंगारात विकले जाते.

चोर शोधण्यापेक्षा या तीनपैकी एक कडी तोडणे सोपे. वीजपेटीपासून विहिरीच्या तोंडापर्यंत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाकावी, म्हणजे माल कमी किमतीचा होतो. ती पाइपात घालून दोन-अडीच फूट खोल पुरावी. उघड्या तुकड्यांवर दर काही फुटांवर नाव कोरावे, पण केबल जाळली की ते जाते, म्हणून फक्त नावावर भिस्त ठेवू नये. ग्रामसुरक्षा दलाची गस्त वीज बंद असण्याच्या वेळेत फिरवावी. ठरावीक वेळेची गस्त चोराच्याही पाठ होते, म्हणून त्या काळातली फेरीची वेळ रोज बदलावी.

तक्रारीत एक गोष्ट फार चुकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी मालाची चोरी अदखलपात्र ठरते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. शेतकरी ‘दोन-तीन हजारांची तार’ असे अंदाजाने सांगतो आणि प्रकरण तिथेच थांबते. केबलचे बिल जपून ठेवावे, लांबी मीटरमध्ये सांगावी, स्टार्टर किंवा इतर साहित्य गेले असेल तर त्याची किंमतही त्यात धरावी. एका रात्रीत शिवारातल्या पाच विहिरींवर चोरी झाली असेल तर पाचही जणांनी एकाच वेळी ठाण्यात जावे, आणि तालुक्यातल्या भंगार दुकानांतली जळक्या तांब्याची खरेदी त्याच दिवशी तपासा, असे लेखी द्यावे. दोन दिवसांनी तो माल तालुक्याबाहेर गेलेला असतो.