नडगीवरची कातडी जगते कशावर?

नडगीवरून बोट फिरवून बघा. कातडी, तिच्याखाली नावापुरती चरबी आणि लगेच हाड. मांडीसारखी मांसाची गादी इथे नाहीच. म्हणून मोटारसायकलच्या अपघातात हे हाड पटकन उघडं पडतं. मग नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "मांडीची कातडी काढून लावा ना, डॉक्टर!"

त्याने भागत नाही. मांडीवरून सोललेल्या पातळ कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोनेक दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगते. तेवढ्यात खालून केशवाहिन्या तिच्यात शिरल्या तरच ती धरते. वरचं आवरण खरवडून गेलेल्या कोरड्या हाडातून केशवाहिन्या येणार कुठून? (अशा जखमेवर हळद, चुना, शेण काहीही लावू नका. "हवा लागू द्या" हेही चूकच, हाड आणखी वाळतं. स्वच्छ कापड बांधा आणि दवाखाना गाठा.) इथे लागतो फ्लॅप, म्हणजे आपलं रक्त सोबत घेऊन येणारा कातडीचा जाड तुकडा.

हे रक्त येण्याची वाट मला फार सुंदर वाटते. गुडघ्याखाली तीन मुख्य धमन्या खोलवर धावतात. त्यांच्या मिलिमीटरभर जाडीच्या फांद्या दोन स्नायूंमधल्या फटीतून वर येतात, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण भेदतात आणि तिथे जाळं पसरतात. पूर्वी पायावरचा फ्लॅप एका टोकाला जोडलेला ठेवून रुंदीपेक्षा लांब कापला की त्याचं दुसरं टोक काळं पडायची भीती असे. स्वीडनचे प्लास्टिक सर्जन बेंग्ट पोंटेन यांनी ते आवरण कातडीला चिकटलेलंच ठेवून फ्लॅप उचलले. रुंदीच्या सरासरी अडीचपट लांबीचे फ्लॅप जगले, असं त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं. आवरणासोबत जाळंही शाबूत राहिलं होतं.

आता तर एकाच फांदीवर फ्लॅप उचलतात. वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्राच्या कांडीने तिचा 'शूऽ शूऽ' आवाज शोधून कातडीवर पेनाने फुली मारतात. मग फ्लॅप त्या फांदीभोवती पंख्याच्या पात्यासारखा १८० अंशांपर्यंत फिरवतात. फांदीला पीळ बसतो. धमनीची भिंत जाड, ती तग धरते. सोबतची, रक्त परत नेणारी शीर पातळ, ती आधी दबते. म्हणून फांदी आजूबाजूच्या तंतूंमधून बरीच लांबवर मोकळी करतात, कारण लांब दोरीला तेवढाच पीळ दिला तर तो सैल बसतो.

शस्त्रक्रियेच्या रात्री वॉर्डात फ्लॅप पुन्हा पुन्हा बोटाने दाबून पाहतात. फिका पडून दोनेक सेकंदांत गुलाबी झाला, तर ठीक. जांभळट दिसला आणि रंग झटकन परतला, तर रक्त आत येतंय पण बाहेर पडत नाहीये. मग लगेच टाके सैल करावे लागतात.