जुन्या मोटारींची घरगुती बांधणी (बेळगाव सीमाभाग)

जुनी मोटार घरच्या अंगणात किंवा पडवीत खोलायची, हाताने होईल ते स्वतः करायचे, हाताने न होणारे लेथवर आणि ग्राइंडिंगला द्यायचे आणि पैसे जमतील तसतशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, अशी ही रीत. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या मराठी भाषिक पट्ट्यात, म्हणजे बेळगाव शहर आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूला, तिला चांगली जमीन मिळाली आहे. दुरुस्ती आणि बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलतात. बांधणीत इंजिन शेवटच्या नटापर्यंत खोलतात, प्रत्येक भाग मोजतात आणि मगच काय ठेवायचे, काय घासून वापरायचे, काय भंगारात टाकायचे ते ठरवतात. कमी पैशात काम होते ते या मोजण्यामुळे. स्वस्तातले सुटे भाग हे त्याचे कारण नव्हे. तसल्या भागांनी गाडी बहुधा दोनदा बांधावी लागते.

पार्श्वभूमी

बेळगावात यंत्रकामाची परंपरा मोटारींपेक्षा जुनी आहे. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी इथेच घडवले आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला गेले. कारखाना गेला तरी शहराचा हात लोखंडावरून उठला नाही. उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री, क्रँकशाफ्टचे यंत्रकाम आणि हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हचे उद्योग वाढले. उत्तरेला महामार्गाने सुमारे ११० किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे, तेही यंत्रकामाचेच. निपाणीच्या माणसाला तर ते बेळगावपेक्षाही जवळ.

याचा थेट फायदा घरी गाडी खोलणाऱ्याला होतो. मोठ्या महानगरात जुन्या इंजिनाचा ब्लॉक हाती घेऊन फिरणाऱ्याला ‘नवीनच टाका’ असा सल्ला मिळतो. इथे सिलिंडर बोअर करणारा (आतले भोक मापात कोरणारा), क्रँक घासणारा, हेडचे फेसिंग करणारा (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा तळ सपाट करणारा) आणि बिडाचा तडा सांधणारा, सगळे एका दिवसाच्या फेरीत भेटतात. लेथवर आयुष्य घालवलेला मेस्त्री कागदावरचा आकडा वाचण्याआधी बोट फिरवून बोअरचा ओठ (झिजेने वर उरलेली कड) सांगतो, आणि मग मायक्रोमीटरने स्वतःलाच तपासतो. या दुसऱ्या सवयीमुळेच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

गाड्या

घरी बांधायला घेतल्या जाणाऱ्या गाड्यांत मारुती ८०० आघाडीवर दिसते. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तीस वर्षे एकच ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन थोड्याफार फरकाने चालू राहिल्यामुळे भाग मिळतात, आणि ते इतके हलके की दोन माणसे आणि एक चेन ब्लॉक असला की बाहेर येते. ओम्नी व्हॅनमध्येही त्याच घराण्यातले इंजिन आहे. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांच्याकडे लोक वळतात ते आठवणींपायी. आजोबांची गाडी विकायची नाही, एवढेच कारण पुरते. खानापूर आणि चंदगडच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात शेताकडचा रस्ता लाल चिखलाचा होतो, तिथे महिंद्रची जीप हवी असते. जीप घरी बांधायला सर्वांत सोपी म्हणता येईल. चासी वेगळी, वर सपाट पत्र्याची बॉडी. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा वाकवून आख्खा टब नवा बांधता येतो. मारुतीत बॉडी हीच चासी असल्याने सडलेली फ्लोअर म्हणजे सडलेला कणा, हे गाडी घेण्याआधीच लक्षात घेतलेले बरे.

इंजिनाचे काम

खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पाहतात. प्लगच्या भोकात गेज लावून सेल मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवायचा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष पिस्टन रिंग किंवा बोअरचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटचा. पाच मिनिटांच्या या तपासणीवर पुढचा बहुतेक खर्च अवलंबून असतो. दोष फक्त व्हॉल्व्हचा असेल तर ब्लॉकला हात लावायचे कारणच नाही. हेड उतरवून, लॅपिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घरीच बसवता येतात. बसले की नाही हे पाहायला हेड उलटे ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओततात. थेंब झिरपला नाही तर काम झाले.

बोअर झिजला असेल तर मापाचा प्रश्न येतो. मारुती ८०० चा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२. त्यात ०.२५ आणि ०.५० असे वाढीव मापाचे पिस्टन वापरतात. इथे कळकळीने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे: पिस्टन आधी विकत घ्यावेत, ते लेथवाल्याकडे न्यावेत आणि त्या प्रत्यक्ष पिस्टनला बसेल असा बोअर करून घ्यावा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणाऱ्याचे इंजिन एकतर पकडते (जाम होते), नाहीतर ऑइल पिते. शेवटचे माप थेट गाठण्याची घाई होते, पण ०.२५ मध्ये बोअर स्वच्छ होत असेल तर ०.५० ला हात लावू नये. तेवढेच या ब्लॉकचे उरलेले आयुष्य. ०.५० केल्यावर सीसी ७९६ वरून सुमारे ८०८ होते. ताकदीत त्याने जाणवण्यासारखा फरक पडत नाही, मात्र गाडी नव्यासारखी ओढते, कारण गळणारा दाब पुन्हा आत अडतो. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसतीच बोअरमध्ये सरकवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने पाहतात. या मापाच्या इंजिनात ती साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर लागते. कमी असेल तर तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते.

पद्मिनी आणि मारुती दोन्हींचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. रेडिएटर रिकामा असताना घाट चढलेल्या गाडीचे हेड वाकलेले असणारच, असे धरून चालावे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासण्याची घरगुती युक्ती बारीक डागांपुरती ठीक. वाकलेल्या हेडला फेसिंगच हवे. जुन्या पद्मिनी-अॅम्बेसेडरमध्ये आणखी एक मुद्दा व्हॉल्व्ह सीटचा. त्यांची इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालण्यासाठी बनलेली. ते पेट्रोल देशात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. शिशाचा थर जाऊन मऊ सीटवर व्हॉल्व्ह आत आत बसत जातो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट पुन्हा पुन्हा कमी होते. अशा हेडमध्ये कडक पोलादाच्या सीट बसवून घेणे हा कायमचा उपाय आहे, आणि इथल्या लेथवाल्यांच्या नेहमीच्या हातचे काम.

इंधन

बेळगाव हा उसाचा जिल्हा. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतील रबरी होज, इंधन पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधल्या गॅसकेटा त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. रबर फुगते, मऊ पडते, तडकते. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत इथेनॉलने ओढून घेतलेले पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा गंजवते. म्हणून बांधणीच्या खर्चात इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेणे धरावेच. हा खर्च थोडा आहे, आणि तो टाळल्यास होणारी गळती गरम एक्झॉस्टच्या वर होते.

पत्रा आणि रंग

जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. पश्चिमेला खानापूरचे जंगल, धो धो पाऊस; पूर्वेला अथणीकडची कोरडी काळी जमीन. पूर्वेकडची गाडी रंग उडालेली पण पत्र्याने ठणठणीत निघू शकते. पश्चिमेकडची वरून चकचकीत असली तरी मॅट उचलून, बॅटरीखाली, मागच्या चाकाच्या कमानीत आणि जॅक लावायच्या जागी पेचकस टोचून पाहावी. गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे. सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडावाच लागतो. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा भोके पडून जळतो, म्हणून हे काम मिग किंवा गॅसवर करणाऱ्याकडे द्यावे. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची) गाडी असेल तर वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढाव्यात, नाहीतर इसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, जाण्याची भीती.

मारुतीचा चासी नंबर इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. रंगवाल्याने त्याच जागी लांबी भरली तर पुढे आरटीओच्या तपासणीत पेन्सिलचा ठसा निघत नाही आणि चांगली बांधलेली गाडी कागदावर अडकते. तेवढी जागा आधीच टेप लावून झाकावी.

रंगासाठी पावसाळा वाईट. दमट हवेत रंग पांढरट पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर पडवीत इंजिन, आणि हवा कोरडी झाली की रंग, असा क्रम आपोआप जुळतो. खंडेनवमीला हत्यारे आणि गाड्या पुजतात. कानडी शेजाऱ्यांची तीच आयुधपूजा. त्या दिवशी गाडी रंगाविना का होईना, स्वतःच्या ताकदीवर दारात उभी असावी, ही धडपड अनेकांची असते.

ब्रेक

इथे बचत करू नये. बेळगावात हायड्रॉलिकची सील आणि होज कोपऱ्यावर मिळतात, आणि हाच या गावातला खास धोका आहे. हायड्रॉलिक यंत्रांची सील साधारणपणे नायट्राइल रबराची असतात. खनिज तेलात ती उत्तम टिकतात, पण मोटारीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते आणि त्यात नायट्राइल फुगते. मापाला अचूक बसलेले असे सील काही दिवसांत मास्टर सिलिंडर अडकवते. उलट बाजूने, ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर मूळ रबरे फुगतात आणि सगळीच बदलावी लागतात. व्हील सिलिंडरची किट ब्रेकचीच घ्यावी आणि डॉट ३ किंवा ४, जे कंपनीने सांगितले असेल ते, सीलबंद डब्यातून वापरावे.

बदल आणि कायदा

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला स्वतंत्र रिले, हे बदल गाडीचे रूप न बदलता तिला रोजच्या वापराची करतात. दिखाऊ बदलांत सर्वांत घातक म्हणजे गाडी खाली बसवण्यासाठी कॉइल स्प्रिंग कापणे. चाक खड्ड्यात लोंबकळले की कापलेली स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. म्हणजे बोअर करणे, क्रँक घासणे, सडलेला पत्रा बदलणे ही दुरुस्ती. जीपची चासी लांबवणे किंवा तिच्यात दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवणे हा बेकायदा बदल. त्याच बनावटीचे इंजिन बदलले किंवा रंग बदलला तर तशी नोंद करून घ्यावी लागते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. कर्नाटकात त्याखेरीज हरित कर आहे. ५० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार वेगळी विंटेज नोंदणी मिळते; शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

सीमाभागात यावर एक गाठ जास्त बसते. गडहिंग्लज किंवा चंदगडला स्वस्तात मिळालेली एमएच-०९ ची गाडी बेळगावात आणून बांधली, तर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवण्यासाठी कोल्हापूरचे ना हरकत प्रमाणपत्र, इथली पुनर्नोंदणी आणि कर्नाटकचा कर लागतो. हे काम गाडी खोलण्याआधी करावे. नातेवाईक दोन्ही बाजूंना, शेती दोन्ही बाजूंना, पण नोंदणी पुस्तक एकाच बाजूचे. आणि मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करून घेण्याची कागदपत्रे मूळ जिल्ह्यातच जुळवावी लागतात.

पहिले किलोमीटर

बांधलेले इंजिन पहिले काहीशे किलोमीटर ताशी ५०-६० च्या आत, पण एकाच वेगाने नव्हे, कमी-जास्त करत चालवतात. बेळगाव-खानापूर रस्ता यासाठी बरा: मोठा चढ नाही. पाचशे किलोमीटरला ऑइल काढून पाहतात. त्यात बारीक करडी चमक असली तर रिंगा बसताहेत. पितळी चकाकीचे कण दिसले तर बेअरिंगचा पत्रा सुटतोय, आणि इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर पुन्हा उतरवायचे. ऑइल स्वच्छ निघाले की मग गाडी गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाला नेतात.