दोन अँड्रॉइड: एक खुलं, एक गूगलचं

सप्टेंबर २००९. स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरला गूगलच्या वकिलांचं पत्र आलं. कोंडिक ‘सायनोजेनमॉड’ बनवायचा. अँड्रॉइडचा खुला (ओपन सोर्स), म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारा कोड घ्यायचा, त्यात सुधारणा करायच्या आणि ज्याला हवं त्याला फुकट द्यायचं. लोक हौसेनं ते आपल्या फोनवर चढवत होते. पत्रात म्हटलं होतं की हे वाटणं थांबवा. एकच बोंब उठली: ओपन सोर्स म्हणता आणि वर नोटिसा पाठवता?

नोटीस मुळात अँड्रॉइडबद्दल नव्हतीच. कोंडिक अँड्रॉइडसोबत जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि तेव्हाचं ‘मार्केट’, म्हणजे आजचं प्ले स्टोअर, हेही वाटत होता. ती ॲप्स गूगलची खासगी मालमत्ता होती आणि आहेत. शेवटी तोडगा निघाला. सायनोजेनमॉडमधून गूगलची ॲप्स काढायची. ज्याला ती हवीत त्यानं आपल्याच फोनवरून त्यांची आधी प्रत काढून ठेवायची आणि नंतर परत टाकायची. कस्टम रॉमवाली मंडळी, म्हणजे फोनवर अशी सुधारित प्रणाली (रॉम) चढवणारे, आजही रॉम वेगळा आणि ‘गॅप्स’ची, म्हणजे गूगल ॲप्सची, झिप फाइल वेगळी फ्लॅश करतात, म्हणजे चढवतात, त्याचं मूळ इथे आहे.

अँड्रॉइड या एकाच नावाखाली दोन गोष्टी नांदतात, आणि ‘अँड्रॉइड ओपन सोर्स आहे की नाही’ हा वाद वर्षानुवर्षं चालतो तो त्या दोन्ही एक समजल्यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट, थोडक्यात एओएसपी. ऑक्टोबर २००८ मध्ये याचा कोड जाहीर झाला. बहुतांश भाग अपाची २.० लायसन्सखाली आहे आणि खालचं लिनक्स कर्नेल, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा, जीपीएल या लायसन्सच्या आवृत्ती २ खाली. अपाची लायसन्स भलतंच उदार आहे. कोड घ्या, बदला, विका, बदल लपवून ठेवलेत तरी चालतील. जीपीएल तेवढं मोकळं सोडत नाही. कर्नेलमध्ये बदल करून फोन विकलात तर तो बदललेला कोड द्यावा लागतो. काही फोन कंपन्या यातही महिनोन्‌महिने टाळाटाळ करतात, पण तो वेगळा विषय.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानातून आपण घरी आणतो ते अँड्रॉइड. त्यात एओएसपी असतंच, पण त्यावर गूगल मोबाइल सर्व्हिसेस नावाचा बंद कोडचा थर असतो: प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस, क्रोम, मॅप्स वगैरे. शिवाय गूगलचं प्रमाणपत्र लागतं, आणि ‘अँड्रॉइड’ हे नावसुद्धा गूगलचा ट्रेडमार्क आहे. खात्री करायची असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट’ बघा. तळाशी प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशनची ओळ दिसेल आणि तुमचं उपकरण ‘सर्टिफाइड’ असल्याचं तिथे लिहिलेलं असेल. ओपन सोर्स लायसन्सला असल्या शिक्क्याची गरज नसते. हा शिक्का कराराचा आहे.

आता नुसतं एओएसपी फोनवर टाकलं तर काय होतं? फोन सुरू होतो, कॉल लागतात, मेसेज जातात, कॅमेरा चालतो. चित्र अगदी ओळखीचं दिसतं. मग आपण एखादं टॅक्सीचं किंवा जेवण मागवायचं ॲप टाकतो आणि कुरकुर सुरू होते. नकाशाच्या जागी करडा चौकोन. ऑर्डर निघाली तरी नोटिफिकेशन येत नाही. काही ॲप्स तर उघडतानाच सांगतात की प्ले सर्व्हिसेसशिवाय आम्ही चालणार नाही.

यात ॲप बनवणाऱ्याचा दोष फारसा नाही. नोटिफिकेशन पाठवायचं तर गूगलची फायरबेस सेवा हाताशी असते. जागा शोधायला गूगलची लायब्ररी असते, ती जीपीएस, वायफाय आणि टॉवर यांचा मेळ घालून बॅटरी वाचवते. नकाशाही गूगलचाच. हिंजवडीत बसून पंधरा दिवसांत ॲप पुरं करायचं असलेला डेव्हलपर हेच वापरणार. पण या सगळ्या सोयी एओएसपीत नाहीत, त्या प्ले सर्व्हिसेसमध्ये आहेत, आणि प्ले सर्व्हिसेसचा कोड बंद आहे. गावातली विहीर सगळ्यांना मोकळी आहे, पण दोर आणि बादली पाटलांच्या वाड्यात ठेवलेली आहे.

प्ले सर्व्हिसेस २०१२ साली आलं. त्यानंतर महत्त्वाच्या नव्या सोयी खुल्या भागापेक्षा या बंद भागात जास्त येत गेल्या. हे निव्वळ कारस्थान होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा फोन कंपन्या अपडेट देण्यात महाआळशी होत्या. दोन वर्षांपूर्वीचा फोन म्हणजे वाऱ्यावर सोडलेला फोन. प्ले सर्व्हिसेस गूगलकडून परस्पर अपडेट होत असल्यानं कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनलाही नव्या सोयी आणि सुरक्षेचे काही उपाय मिळाले. स्वस्त फोन वापरणाऱ्या कोट्यवधी भारतीयांचा त्यात फायदाच झाला. पण त्याच वाटेनं खुलं अँड्रॉइड हळूहळू पोकळ होत गेलं, हेही तितकंच खरं.

इथवर मी गूगलला संशयाचा फायदा देतो. करारांच्या बाबतीत देत नाही.

प्ले स्टोअर हवं असेल तर फोन कंपनीला गूगलशी करार करावा लागे. त्यात अटी असत. एकटं प्ले स्टोअर मिळणार नाही, गूगलच्या ॲप्सचा सगळा संच घ्यावा लागेल. सर्चची पट्टी होम स्क्रीनवर ठेवावी लागेल. हे व्यापारी दडपण म्हणून समजू शकतं. पण आणखी एक करार होता, फाटाफूट रोखण्याच्या नावाखाली केलेला. त्यानुसार गूगलची ॲप्स घेणाऱ्या कंपनीनं गूगलनं मान्य न केलेल्या सुधारित अँड्रॉइडचं एकही उपकरण विकायचं नाही. ज्या फोनवर प्ले स्टोअर आहे त्यापुरती ही अट असती तर गोष्ट वेगळी. अट सगळ्या उपकरणांना होती. एओएसपीचं लायसन्स म्हणतं, बदला आणि विका. करार म्हणतो, ते केलंत तर तुमच्या बाकीच्या फोनवरचं प्ले स्टोअर धोक्यात.

हे कागदावरच राहिलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर ही तैवानी कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या ‘अलियुन’ प्रणालीवरचा फोन आणणार होती. ऐन वेळी कार्यक्रम रद्द झाला. अलीबाबानं सांगितलं की गूगलनं एसरवर दबाव आणला. गूगलचं म्हणणं असं की अलियुन हे अँड्रॉइडचंच सुसंगत नसलेलं रूप आहे, आणि एसरनं तर सुसंगतता पाळायचं कबूल केलेलं आहे. गंमत म्हणजे गूगलची बाजू मांडायला पुढे आले ते तेव्हाचे गूगलमधले अँड्रॉइडप्रमुख अँडी रुबिन. याच रुबिन यांनी दोन वर्षांपूर्वी ‘खुलेपणा म्हणजे काय’ याचं उत्तर म्हणून अँड्रॉइडचा कोड उतरवून त्यातून चालती प्रणाली तयार (बिल्ड) करण्याच्या कमांड्स ट्वीट केल्या होत्या. कोड कुणीही उतरवून घ्यावा हे त्यांना मान्य होतं. तो फोनवर घालून विकायला एसर निघाली तेव्हा तक्रार झाली.

युरोपीय आयोगानं १८ जुलै २०१८ रोजी गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला, त्यात हीच अट एक मुख्य मुद्दा होती. ॲमेझॉनचं फायर ओएस हेही एओएसपीतूनच निघालेलं, पण या करारामुळे बड्या उत्पादकांना त्यावरची उपकरणं बनवता आली नाहीत, असं आयोगानं म्हटलं. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं दंड ४.१२५ अब्ज युरोंवर आणला, पण निर्णयाचा गाभा कायम ठेवला.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि दहा निर्देश दिले. बातम्यांत आकडा गाजला, निर्देश फारसे कुणी वाचले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं जाहीर केलं की भारतात फोन कंपन्यांना आता गूगलची ॲप्स सुटी सुटी घेता येतील. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण दहांपैकी चार निर्देश रद्द केले. त्यातले दोन नीट बघा. एक होता, प्ले सर्व्हिसेसच्या सुविधा कुणाला अडवून धरू नयेत असा. दुसरा, प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्यावर निर्बंध घालू नयेत असा. माझ्या मते सगळ्या आदेशात मोलाचे हेच होते, कारण दोन अँड्रॉइडमधली दरी नेमकी याच दोन ठिकाणी आहे.

त्याच जानेवारीत आयआयटी मद्रासच्या पाठबळावर तयार झालेलं ‘भारओएस’ आलं. एका बाजूनं ‘संपूर्ण स्वदेशी’ म्हणून ढोल वाजले, दुसऱ्या बाजूनं ‘हे तर ढापलेलं अँड्रॉइड’ म्हणून टिंगल झाली. दोन्ही बाजूंचा घोळ एकच. ते एओएसपीवर बेतलेलं आहे, म्हणून त्याला मुळापासून स्वदेशी म्हणता येत नाही. आणि एओएसपी घेऊन आपलं काही बनवणं हा लायसन्सनं दिलेला उघड हक्क आहे, म्हणून ती चोरीही नाही. हुशार माणसं मिळाली की एओएसपीवर प्रणाली उभी राहते. नोटिफिकेशन, नकाशे, पैसे भरणं, ॲपचं दुकान हे सगळं उभारायला मात्र प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात. हुवावेला विचारा. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं निर्बंध घातले तेव्हा एओएसपी वापरायला हुवावेला कुणी अडवू शकलं नाही, पण गूगलच्या सेवा गेल्या. त्या वर्षीचा मेट ३० गूगलविनाच बाजारात आला. चीनमध्ये गूगलच्या सेवा तशाही नव्हत्या, तिथे निभावलं. चीनबाहेर हुवावेचा फोनचा धंदा बसला.

ॲमेझॉन किंवा हुवावे यांना इथे हुतात्मा ठरवायची घाई नको. दोघांनीही खुला कोड घेऊन त्यावर आपापला बंद थर चढवला. ताकद त्यांच्या हाती असती तर त्यांनी वेगळं काही केलं असतं असं मानायला मला कारण दिसत नाही.

अलीकडे दरी आणखी रुंदावते आहे. मार्च २०२५ पासून अँड्रॉइडचं सगळं काम गूगलच्या आतल्या, बाहेरच्यांना न दिसणाऱ्या शाखेत होतं. आवृत्ती तयार झाली की कोड बाहेर येतो. पूर्वी निदान काही भाग घडताना बघता यायचा. त्याच वर्षी जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला, पण गूगलच्याच पिक्सेल फोनसाठीच्या ज्या डिव्हाइस फायली (कोड त्या मॉडेलवर चालवायला लागणाऱ्या) एरवी सोबत येत त्या आल्या नाहीत. लायसन्सचा भंग? अजिबात नाही. त्या द्यायला गूगल बांधील नव्हती. पण कस्टम रॉमवाल्यांची कित्येक तासांची मेहनत वाढली.

बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲप्सचं प्रकरण त्याहून टोचणारं आहे. फोन ‘विश्वासू’ आहे का, हे बरीच ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटी सेवेला विचारतात. ग्राफीनओएस या एओएसपीवर बेतलेल्या, सुरक्षेवर भर देणाऱ्या प्रणालीची मंडळी सांगतात की त्यांचा सुरक्षेचे ताजे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, असलेला फोन यात नापास होऊ शकतो आणि वर्षानुवर्षं पॅच न मिळालेला, पण प्रमाणपत्र असलेला फोन पास होतो. सुरक्षेच्या नावाखाली इथे तपासलं जातं ते गूगलचं प्रमाणपत्र, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खोडून काढणारं पटण्यासारखं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की ॲप कुठूनही टाका, ते बनवणाऱ्यानं आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथे सुरुवात करायची, असं त्या घोषणेत होतं. कारण दिलं ते बाहेरून येणाऱ्या फसव्या ॲप्सचं, आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून येणाऱ्या एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फायली पाहिल्या तर ते खोटं म्हणता येत नाही. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या भांडारानं मात्र सांगितलं की आमच्यासारख्यांना हा नियम मारक ठरेल. पुढे नोव्हेंबरात गूगलनं जाणकारांसाठी आडवाट ठेवण्याचं कबूल केलं.

या नियमात एक शब्द आहे, तो बातम्यांत बहुतेक ठिकाणी गळला: नियम ‘सर्टिफाइड’ उपकरणांना आहे. एओएसपीवर चालणाऱ्या, शिक्का नसलेल्या फोनला तो लागू नाही. तसा फोन हवा असेल तर आज वाट अशी: ज्याचा बूटलोडर, म्हणजे दुसरी प्रणाली चढू न देणारं आतलं कुलूप, उघडता येतो असा फोन घ्यायचा, सायनोजेनमॉडचा वारसा चालवणाऱ्या लिनेजओएसच्या यादीत त्याचं मॉडेल आहे का ते बघायचं, आणि आपल्या बँकेचं ॲप त्यावर चालतं का हे रॉम टाकण्याआधीच कुणा वापरणाऱ्याला विचारून घ्यायचं. ग्राफीनओएस हवं असेल तर आजवर त्याचा आधार पिक्सेलनाच राहिला आहे, म्हणजे गूगलशिवाय राहायचं तर आधी गूगलच्याच फोनला पैसे मोजायचे.