शर्यतीच्या टायरचे घासकाम : दाणा व हत्यारांची निवड

शर्यतीच्या गाडीचे टायर वारंवार तापून थंड झाले की त्यांच्या पृष्ठभागावर कडक, चकचकीत थर धरतो. रबर मऊ ठेवणारी तेले कमी होतात, रबराच्या साखळ्यांमधले बंध वाढतात आणि पकड घटते. हा थर खरवडून खालचे ताजे रबर उघडे करण्याला घासकाम म्हणतात. मातीच्या ट्रॅकवर टायरच्या गोलावलेल्या ठोकळ्यांच्या कडा पुन्हा धारदार करण्यासाठीही ते केले जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात ग्राइंडर सर्वांच्या ओळखीचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या असल्याने कास्टिंगच्या कडा घासून काढणारे हात इथे पुष्कळ आहेत. मात्र लोखंडावरची सवय रबरावर उलटते. लोखंडावर जोर दिला की काम उरकते. रबर दाबाखाली मागे सरते आणि तापते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाने रबर पक्के करण्याची रीत शोधली. असे रबर वितळत नाही, जास्त तापले की विघटन होऊन चिकट होते. तो चिकटा ग्राइंडरच्या घासणाऱ्या डिस्कच्या (चकतीच्या) दाण्यांत बसतो, डिस्क कापायची थांबते आणि उष्णता आणखी वाढते. म्हणून दाण्याने रबर फाडून उडवले पाहिजे, चोळता कामा नये. बाकीची निवड यावरूनच ठरते.

दाणा जाडच हवा. २४ नंबरच्या दाण्याची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर, ८० नंबरची जेमतेम ०.२ मिलिमीटर. ८० नंबर रबरावर थोड्याच वेळात बुजतो. १६ ते ३६ नंबरमध्ये काम भागते: आधी १६ किंवा २४, शेवटचा हात ३६ चा. दाणे विरळ पेरलेली डिस्क घ्यावी. मोकळ्या जागेतून भुसा बाहेर पडतो. सिलिकॉन कार्बाइडचा दाणा तीक्ष्ण व ठिसूळ असतो, फुटून नवी धार देतो, म्हणून रबराला तो योग्य. झिरकोनिया आणि सिरॅमिक दाणे महाग असतात आणि त्यांना फुटून धार धरायला जोराचा दाब लागतो. मऊ रबर तेवढा दाब घेतच नाही, त्यामुळे तो खर्च वाया जातो. फाउंड्रीतला जाड दगडी व्हील तर रबराला लावूच नये. टायर रिमोल्ड करणारे (जुन्या टायरवर नवा पट्टा चढवणारे) जुना पट्टा उतरवायला दातेरी रास्प (खरबरीत कानस) किंवा टंगस्टन कार्बाइडचे दाणे जडवलेले चाक वापरतात. जाड थर काढायला असे चाक उत्तम, पण ते खोल ओरखडे ठेवते. त्यावर डिस्कचा हात फिरवावा लागतो.

यंत्राचा वेगही तितकाच महत्त्वाचा. १०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर धावते. एवढ्या वेगात रबर तापते, म्हणून वेग कमी-जास्त करता येणारा पॉलिशर घ्यावा: १८० मिलिमीटरच्या डिस्कला ३,००० फेरे दिले तर कडेचा वेग सुमारे २८ मीटर होतो आणि रबर कमी तापते. डिस्कमागे रबरी पॅड असावा आणि डिस्कवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावी. टायर रिमवर चढवून, हवा भरून, हब किंवा स्टँडवर हळूहळू फिरवत घासावा. हात हलका, डिस्क थोडी तिरकी आणि सतत सरकती ठेवावी. एकाच जागी थांबले की खड्डा पडतो आणि पुढे तोल बिघडतो.

खानापूरकडच्या पावसात आणखी एक त्रास होतो. फायबर डिस्क हवेतला ओलावा शोषून वाकतात. त्या सपाट ठेवून, वर वजन देऊन, बंद डब्यात जपाव्यात. वाकलेली डिस्क थरथरते आणि टायरवर लाटा उठवते.

घासताना उडणारा भुसा बारीक व पेट घेणारा असतो. फाउंड्रीतला ठिणग्यांचा भाग आणि हे काम शेजारी-शेजारी नको. चष्मा व चांगला मास्क हवाच. काही शर्यतींच्या नियमांत टायर घासणे मान्य नसते, म्हणून त्या स्पर्धेची नियमावली वाचल्याशिवाय हात लावू नये. टायरवरच्या झीज मोजायच्या खाचा घासण्याआधी आणि नंतर मोजाव्यात. खाच दिसेनाशी झालेला टायर शर्यतीला वापरू नये.