डोक्यावरची गाठ: चरबी नव्हे, आवाळू

फणी फिरवताना दात एकाच जागी अडतात. चाचपून पाहिलं की केसांत वाटाण्याएवढी, गुळगुळीत, टणक गाठ हाताला लागते. ‘चरबीची असेल,’ असं घरात कुणीतरी सांगून टाकतं. पण बहुतेक वेळा ती चरबीची नसते. जुनी माणसं तिला आवाळू म्हणतात, आणि तोच शब्द नेमका आहे.

केसाच्या मुळाभोवती पेशींचं आवरण असतं. त्यातल्या पेशींची कातडीखाली बंद पिशवी होते आणि आत केराटिन साचत राहतं. नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे. म्हणून गाठ कापली तर आत पांढरट-पिवळसर घट्ट लगदा दिसतो. या प्रकारच्या सुमारे ९० टक्के गाठी डोक्यावरच होतात. पुष्कळदा त्या आईवडिलांकडून येतात आणि एकापेक्षा जास्त असतात. वाढ वर्षानुवर्षं, अगदी सावकाश.

खरी चरबीची गाठ मऊ आणि पसरट लागते. कपाळावर ती स्नायूखाली असते, त्यामुळे फारशी सरकत नाही. दगडासारखी कठीण आणि जागची न हलणारी गाठ कवटीच्या हाडाची असू शकते.

आवाळू दाबून फोडण्याचा मोह आवरावा. पिशवी आतल्या आत फुटली तर केराटिन आजूबाजूला पसरतं, शरीर त्याला परकं समजतं आणि जागा लाल होऊन ठणकते. नुसता चीर देऊन लगदा काढला तर आराम पडतो, पण पिशवी आत राहते आणि गाठ पुन्हा भरते. चुना लावून ती ‘जाळू’ तर मुळीच नये. कातडी भाजते, गाठ तिथेच राहते.

शस्त्रक्रिया छोटी असते. डोक्याच्या कातडीतून रक्त फार येतं, म्हणून भुलीच्या इंजेक्शनात बहुधा रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनॅलिन मिसळतात आणि काही मिनिटं थांबतात. या पिशवीची भिंत जाड असल्यामुळे गाठीपेक्षा लहान छेदातूनही ती अख्खी बाहेर येते. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. सुजलेल्या गाठीची भिंत भोवती चिकटलेली असते, म्हणून सर्जन आधी सूज उतरू देतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगावं.

मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा. पू भरलेला, लिबलिबीत फुगवटा आणि ओढताच निघणारे केस, असं दिसलं तर ते गळू नसून डोक्याचा गजकर्ण असू शकतो. तो कापून बरा होत नाही. नुसतं मलम मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून बुरशीविरोधी औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. जन्मापासून डोक्याच्या मध्यरेषेवर गाठ असेल तर स्कॅनआधी तिला सुई लावू देऊ नका. तिचा धागा कवटीच्या आत गेलेला असू शकतो.

टक्कल पडलेल्या डोक्यावर वर्षानुवर्षं ऊन बसतं. तिथे खपली धरते, पडते, रक्त येतं, पुन्हा धरते आणि चार आठवड्यांतही जखम भरत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून बायॉप्सी करून घ्या. काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी गाठ, रंग बदलणारा काळा डाग, किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाच्या डोक्यावर नव्याने आलेली गाठ, यांनाही थांबायला वेळ नाही.

डोक्याच्या मागची गाठ आपल्याला दिसत नाही. घरातल्या कुणाला तरी केस बाजूला करून, शेजारी रुपयाचं नाणं धरून महिन्यातून एकदा फोटो काढायला सांगा. वाढ किती झाली ते डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.