दुःखातील भरवसा (बेळगाव सीमाभागातील ख्रिस्ती जीवन)

आजारपणात, कर्जात, घरातल्या मृत्यूत देवावर भार टाकून जगण्याची ख्रिस्ती रीत. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत विचारपूस केली की ‘देवावर टाकलंय, आता तोच बघील की’ असे उत्तर येते. ऐकणाऱ्याला वाटते, माणसाने हात टेकले. पण ज्या शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, हा भरवसा उभा आहे त्यात देवाशी भांडायला भरपूर जागा आहे, आणि ते भांडण बाजूला काढले तर भरवसा नीट समजत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा नायक ईयोब. नीतिमान असूनही त्याची गुरेढोरे, मुले आणि शेवटी आरोग्य जाते. अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र भेटीला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. मग बोलू लागतात आणि सगळे बिघडते. तुझे काहीतरी चुकले असणार, हेच ते फिरवून फिरवून सांगतात. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडे जाब मागतो. शेवटच्या, म्हणजे ४२व्या अध्यायात देवाचा राग होतो तो मित्रांवर. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असे तो म्हणतो. गेलेले वैभव ईयोबाला परत मिळते, दुःखाचे कारण मात्र कळत नाही. समाचाराला जाणाऱ्याने या पुस्तकातले पहिले सात दिवस तेवढे घ्यावेत.

स्तोत्रसंहिता या बायबलातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक विलाप अखेरीस स्तुतीकडे वळतात. ८८वे स्तोत्र वळत नाही, ते अंधाराशीच येऊन थांबते. तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले. २२व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्न, येशूने वधस्तंभावर उच्चारली. त्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हा दुःखाचा प्याला टळावा असे मागितले आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. मागणे आधी, स्वीकार नंतर. उपदेशात हा क्रम अनेकदा गाळला जातो. येशूचा प्रेषित पौल यानेही शरीरातला काटा, म्हणजे सततची एक पीडा, जावी म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर आले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाला या भागात वेगळे वजन आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. ‘मागच्या जन्मीचे भोग’ ही समजूत इथल्या गावगाड्यात सर्वांच्या ओळखीची आहे, आणि ख्रिस्ती घरेही तिच्यापासून पूर्ण सुटलेली नाहीत. मूल अधू जन्मले की पहिला संशय अजून आईवरच जातो.

लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले, म्हणून आजही इथल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मेथडिस्टांचे स्थान मोठे आहे. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. पण खानापूर आणि घाटावरच्या बऱ्याच कॅथलिक घराण्यांची मुळे गोव्यात आहेत. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड अशी त्यांची तिपेडी भाषा असते. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९६ नंतर मुंबई इलाख्यात पसरलेला प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा ही संकटे या जिल्ह्याने सर्वांबरोबर सोसली.

धर्मांतरितांच्या वाट्याला आणखी काही आले. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखला, पण कागदावरच्या हक्काने भाऊबंदकी जोडली जात नाही. रोटीबेटी तुटली ती तुटलीच. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती त्या यादीबाहेर राहिले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच आहेत. महारवाड्यातून आलेल्या घराला जात सोडूनही जातीचे चटके बसतात आणि सवलत मात्र मिळत नाही. अशा दुःखाला ‘देवाने दिलेली परीक्षा’ म्हणणे सोयीचे आहे, पण ते माणसांनी केलेले आहे, आणि त्याबद्दल सरकारदरबारी भांडणे भरवशाच्या आड येत नाही.

आचारात हा भरवसा मुख्यतः सोबतीच्या रूपाने दिसतो. घरात आजारी माणूस असला की पाळकसाहेब किंवा फादर येतात; त्यांच्याआधी मंडळीतल्या बायका आलेल्या असतात. स्वयंपाक, मुलांची शाळा, दवाखान्यातली रात्रपाळी त्यांनी आपसांत वाटून घेतलेली असते आणि प्रार्थना त्यातच होते. कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली जाते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्प्याटप्प्याने स्मरण, तिची १४ स्थाने. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर उपदेश होतात. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन अधिक रुजले. त्यामुळे इथला विलाप वारकऱ्याच्या कानालाही परका वाटत नाही. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो. त्यासाठी जुन्या गोव्याला घाट उतरून पायी जाणारेही आहेत, त्यातले पुष्कळ जण नवस फेडायला निघालेले असतात.

१ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व संतांचा सण. त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या निषेधार्थ सीमाभागातले मराठी भाषिक काळा दिन पाळतात. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतांसाठी प्रार्थना होतात.

मतभेद आहे तो साक्षीवरून. प्रार्थनेने बरे झाल्याची साक्ष सभेत उभे राहून सांगण्याची पद्धत पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, गटांत विशेष जोमाची आहे. तिने अनेकांना धीर येतो हे खरे. पण जो बरा झाला नाही त्याला उभे राहायला जागा उरत नाही, आणि ‘विश्वास कमी पडला’ हा ईयोबाच्या मित्रांचा आरोप नव्या शब्दांत त्याच्या माथी येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. कॅथलिकांचा आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार याच उताऱ्यावर आधारलेला आहे. औषध बंद करा असे त्या उताऱ्यात कुठेही नाही.

अशा प्रार्थनासभांचा प्रश्न कायद्यापर्यंतही गेला. डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने संमत केले. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत चांगल्या राहणीमानाच्या आश्वासनाबरोबर दैवी अवकृपेचाही उल्लेख होता. प्रार्थनासभांवर संशय वाढेल म्हणून ख्रिस्ती संघटनांनी त्याला विरोध केला. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. आजाऱ्याला देवाच्या कोपाची भीती घालू नये, हे मात्र योहानाच्या नवव्या अध्यायाने कायद्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवलेले आहे.