‘कूल’ची पार्श्वभूमी : गारव्यातून आलेले कौतुक

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये कॉलेजच्या मुलांचे बोलणे रोज कानावर पडते. एकाची नवी बॅग ‘कूल’ असते, उशिरा आल्याबद्दल ‘सॉरी’ म्हणणाऱ्याला ‘कूल रे’ असे उत्तर मिळते आणि परीक्षेने धास्तावलेल्या तिसऱ्याला ‘चिल मार’ असे बजावले जाते. यांतील एकाही वाक्याचा हवामानाशी संबंध नाही, तरीही हे सारे अर्थ गारव्यातूनच निघाले आहेत.

‘कूल’, ‘कोल्ड’ आणि ‘चिल’ हे तिन्ही शब्द जर्मॅनिक भाषांतील एकाच धातूपासून आले. इंग्रजीत राग म्हणजे उष्णता, त्यामुळे तो आवरणारा माणूस ‘कूल’ ठरला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राणी मुलाला मनाच्या ज्वालेवर थंड धीर शिंपडायला सांगते. एकोणिसाव्या शतकात हीच अविचलता निर्ढावलेपणाचाही अर्थ देऊ लागली. ‘कोल्ड’च्या वाट्याला मात्र मायेचा अभाव आला.

कौतुकाचा अर्थ रुजला तो आफ्रिकी-अमेरिकी समाजात. 1930च्या दशकात तो त्यांच्या बोलीत दिसतो, आणि पुढे तो लोकप्रिय करण्याचे श्रेय सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना दिले जाते. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 1949 व 1950 मधील ध्वनिमुद्रणे 1957 मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाच्या अल्बममध्ये एकत्र आली. वंशभेदाचा अपमान रोज सोसणाऱ्या समाजात चेहऱ्यावरची रेषही न हलू देणे हा स्वाभिमान होता. हा शब्द उच्चारताना त्यामागची ही किंमत विसरली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी 1973 मध्ये या वृत्तीचा धागा पश्चिम आफ्रिकेतील गारव्याच्या कल्पनेशी जोडून दाखवला. तिथल्या योरुबा भाषेत या कल्पनेला ‘इतुतु’ म्हणतात.

मराठीत ‘डोके थंड ठेव’ हा शहाणपणाचा सल्ला असतो, तर ‘थंडा प्रतिसाद’ ही तक्रार असते. पण कौतुकाचा गारवा आपल्याकडे वस्तूला चिकटत नाही. ‘बॅग गार आहे’ म्हटले तर ती फ्रीजमधून काढली असावी असेच वाटेल. आपल्याकडे गार होतो तो पाहणारा : नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेणारी आजी ‘डोळे निवले गं बाई’ म्हणते, तेव्हा थंडावा तिच्या डोळ्यांना मिळालेला असतो.